नानांची मंडळी

“थोडे आहेत, मॅडम. अजून थोडे आहेत.”

हे वाक्य मी एकवीस वर्षं ऐकलं. वाक्य म्हणण्याआधीची कृतीही ठरलेली असे. फ्लास्क मानेशी धरायचा, मनगटाने दोनदा गरगर फिरवायचा, खिडकीच्या उजेडात तिरपा करून पाहायचा आणि मग चक्क कानाला लावायचा. आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे सात प्राध्यापक होऊन गेले. फ्लास्क कानाला लावणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो प्राध्यापक नव्हता. तो प्रयोगशाळा सहायक होता. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत, म्हणून मीही इथे तेवढंच म्हणते.

तुमच्याही कॉलेजात, ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याच्या खुर्चीला पाटी नसते, पण तो रजेवर असला की सगळ्यांची कामं अडतात. नाना तसे होते. उंची बेताची, अंगावर खाकी ॲप्रन, गळ्यात तुळशीची माळ आणि पायांत कायम प्लास्टिकच्या चपला. मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले, पण जळगावात नोकरीला लागले ते इथलेच झाले. कॉलेजात आमच्यासारखं पुस्तकी बोलत. घरी आणि इनक्युबेटरशी मात्र अहिराणी. सकाळी इनक्युबेटरचं दार उघडून ते आत वाकून विचारायचे, “बठ्ठा जेवनात का?” सगळे जेवले का! मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, आत कुणीतरी माणूस आहे.

जिवाणू, बुरशी, यीस्ट, नानांच्या लेखी ती सगळी ‘मंडळी’. त्यातही यीस्टवर जीव जास्त. “बाकीचे पाहुणे, मॅडम. हे घरचे,” असं म्हणायचे.

एकदा विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. पहूरच्या पुढे कुठेतरी त्यांना संध्याकाळी लग्नाला पोहोचायचं होतं. अकरा वाजता म्हणाले, “द्या मुलांना कल्चर, सुरू करू.” नानांनी फ्लास्क फिरवला, कानाला लावला. “साहेब, थोडे आहेत. दोन तास द्या.” परीक्षक चिडले. “अहो, थोडे काय नि जास्त काय, परीक्षाच तर आहे!” नाना शांतपणे म्हणाले, “साहेब, दहा माणसांचं काम दोघांना सांगितलं तर ती दोघं अर्ध्यात बसतात. मग पोरं नापास होतात, आणि चूक पोरांची नसते.” परीक्षकांनी दोन तास दिले. लग्नाला उशिरा पोहोचले असतील. मुलं मात्र सगळी पास झाली.

पण या माणसाचा एक विचित्रपणा होता. तिसऱ्या वर्षाला आम्ही केळ्याच्या रसापासून वाइन करण्याचा प्रयोग घेतो. त्यासाठीचं यीस्ट नाना आठवडाभर जिवापाड वाढवत. शेवटच्या दिवशी, म्हणजे तयार झालेल्या वाइनमधलं दारूचं प्रमाण काढायच्या दिवशी, नाना न चुकता रजा टाकत. आम्ही म्हणायचो, माळकरी माणूस, असायचंच. एकदा मी थट्टेने म्हटलं, “नाना, मंडळी वाढवता तुम्हीच, आणि त्यांनी काम केलं की तोंड फिरवता?” ते हसले नाहीत. म्हणाले, “मंडळी वाढवणं म्हणजे दारू करणं नव्हे, मॅडम. त्यांना हवा दिली की ती वाढतात. कोंडलं की दारू करतात.”

नानांना एक मुलगा. मंगेश. त्याने आमचा विषय घेतला नाही, कॉम्प्युटरकडे गेला, याचं नानांना वाईट वाटलं होतं, पण ते बोलून दाखवत नसत. मंगेश नोकरीसाठी बेल्जियमला गेला तेव्हा त्याच्या कागदपत्रांवर ओळखीची म्हणून मी सह्या केल्या होत्या. वर्षभराने त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. स्वयंपाकघर, मोठं स्टीलचं पातेलं, हातात फेसाळ गडद रंगाचा ग्लास, शेजारी एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. खाली लिहिलं होतं, ‘शेजारच्या आजोबांकडून घरची बिअर शिकतोय.’

फोटो एका पुतण्याने नानांना दाखवला. त्या दिवसापासून नाना मुलाशी बोलले नाहीत.

भांडण झालं नाही, आरडाओरडा नाही. फक्त अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगितलं, “त्याला म्हणावं, तुझ्याशी बोलत जा. माझी चौकशी नको.” दर रविवारी मंगेशचा फोन यायचा. अक्का स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून, आवाज मोठा करून बोलायच्या. नाना बाहेरच्या ओसरीत पेपर घेऊन बसायचे. अक्का मला एकदा नानांबद्दल म्हणाल्या होत्या, “मॅडम, रविवारना पेपर त्या तीनदा वाचतस.” अशी चार वर्षं गेली. मध्ये नाना निवृत्त झाले. प्रयोगशाळेत दुसरा माणूस आला, आणि आमच्या फ्लास्कांना कुणी कान लावेनासं झालं.

निवृत्तीनंतरच्या दसऱ्याच्या सुमारास मला मंगेशचा मेसेज आला. ‘मॅडम, नमस्कार. एक अडचण आहे. यीस्टबद्दल. नानांना सांगू नका.’

अडचण अशी होती. शेजारचे ते आजोबा दर हिवाळ्यात एक कडक, गडद बिअर करायचे, बायको होती तोवर दोघं मिळून. आता ते ब्याऐंशीचे झाले होते, हात कापत होते, बायको गेली होती. मंगेशने त्यांच्यासाठी ती बिअर करायचं मनावर घेतलं. दोनदा केली, दोन्ही वेळा बिघडली. पंधरा दिवस छान उकळ्या फुटल्यासारखी चालायची आणि मग अर्ध्यातच थांबायची. गोडमिट्ट काकवीसारखी राहायची. काय चुकतंय?

मी पुस्तकं चाळली. पण माझा अभ्यास रोगजंतूंचा, मला विषमज्वराचं विचारा. शेवटी मी साळसूदपणे नानांच्या घरी गेले. पिंप्राळ्याच्या रस्त्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर. अक्कांनी चहा ठेवला. मी म्हटलं, “नाना, एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे,” आणि सगळं सांगितलं.

नानांनी ऐकून घेतलं. “गोड किती दाट?”

“खूप. नेहमीच्या दीडपट.”

“मंडळी किती टाकली?”

“एक पाकीट.”

“पाकिटावर तारीख कोणती?”

“ते विचारावं लागेल.”

“हा विद्यार्थी राहतो कुठे?”

“थंडीच्या ठिकाणी.”

“किती थंडीच्या?”

मी चहात बघत राहिले. नाना उठले, ओसरीत गेले, चपला घातल्या, परत काढल्या, आत आले. “तो म्हातारा किती वर्षांचा म्हणालात?”

“ब्याऐंशी.”

“त्याला मुलंबाळं?”

“नाहीत.”

अक्का भाकरी थापता थापता थांबल्या होत्या. मग नाना म्हणाले, “लिहा, मॅडम.”

मी लिहायला लागले. नाना सांगत होते आणि मी मोबाइलवर टिपत होते. दाट गोडात मूठभर मंडळी सोडली की ती दमतात. जसजशी दारू वाढते तसतशी त्यांनाच चढते, ती निजतात, काम अर्ध्यात राहतं. म्हणून आधी मंडळी वाढवायची, मग कामाला लावायची. पहिल्यांदा कपभर पातळ गोड पाण्यात. पातळच. पहिल्या दिवसापासून पक्वान्न घालायचं नाही. ती वाढली की चौपट पाण्यात. मग आणखी मोठ्या भांड्यात. येता-जाता हलवायचं, हवा द्यायची. शेवटी फ्रिजमध्ये ठेवून तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि तो तळाचा सायीसारखा थर तेवढा कामाला न्यायचा. “आणि हे लिहा, घाई करायची नाही. बारा दिवस लागतील.”

मी पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, एकच शब्द: ‘नाना?’

मी फोन पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी नाना कॉलेजात आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. म्हणाले, “मॅडम, आपल्या यीस्टची एक नळी द्या. इथे केल्याशिवाय तिथलं कसं सांगू?” मी नोंदवहीत लिहून नळी दिली. घरी अक्कांनी आठवडाभरात जव भिजवून, मटकीसारखे फडक्यात बांधून, मोड आणून गच्चीवर वाळवले. नानांनी ते भरडून, शिजवून, गाळून गोड पाणी काढलं. ओट्यावर ठेच्याच्या बरणीशेजारी फ्लास्क बसला. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळून माठाच्या सावलीत ठेवलं जायचं. अक्का कुरकुरायच्या, “तुम्हले त्यासनी काळजी, मन्ही नही.” पण फडकं त्याच ओलं करायच्या.

असं ते सुरू झालं. तिकडे मंगेशच्या ओट्यावर एक फ्लास्क, इकडे नानांच्या. रोज कॉलेज सुटलं की मी पाच-साडेपाचला नानांकडे जायची. तिकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी असायची. मंगेश फोटो पाठवायचा, मी नानांना दाखवायची. ते चष्मा कपाळावर सरकवून बघायचे. “थोडे आहेत. त्याला सांगा, रात्री निजण्याआधी एकदा हलव.” मी लिहायची. तिकडून यायचं, ‘हो म्हणावं.’ बाप ओट्याशी, मुलगा फोनमध्ये, आणि बोलणं सगळं माझ्या अंगठ्यांतून.

चौथ्या दिवशी मला ते जमेना. मंगेशने लिहिलं होतं, ‘वर तपकिरी फेस आलाय, चालेल का?’ आणि नाना मला फेसाचे सात प्रकार समजावून सांगत होते. मी म्हटलं, “नाना, मला हे लिहिता येत नाही,” आणि सरळ व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात दिला. खरं सांगते, लिहिता आलं असतं.

पडद्यावर मंगेश दिसला. दाढी वाढलेली, मागे राखाडी खिडकी. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. मग नाना म्हणाले, “फेस दाखव.”

मंगेशने फ्लास्क पडद्याजवळ आणला.

“हलव.”

त्याने हलवला. मनगटाने, दोनदा, गरगर. मी नानांकडे पाहिलं. ते फ्लास्ककडे पाहत नव्हते.

“चालेल,” नाना म्हणाले. “तो वरचा घाण फेस आहे. त्याला हात लावू नको.” आणि फोन माझ्याकडे दिला.

पुढचे आठ दिवस रोज बोलणं झालं, आणि यीस्टखेरीज एक शब्द नाही. तापमान किती? किती वेळा हलवलंस? पाणी उकळून गार केलंस ना? अक्का मागून ओरडायच्या, “पोर काय खास तठे, ते इचारा नं!” पोर तिथे काय खातं, हे नाना विचारायचे नाहीत. पण मग स्वतःहून म्हणायचे, “मंडळींना उपाशी ठेवू नको. आणि माणसानेही वेळेवर खावं.” मंगेश म्हणायचा, “हो.”

एक दिवस मंगेश बोलता बोलता म्हणाला, “इथले लोक एवढं करत नाहीत, नाना. दुकानातून तीन-चार पाकिटं आणतात, ओततात आणि मोकळे होतात. तेवढी पुरतात म्हणे.”

“मग आण की,” नाना म्हणाले. “मला कशाला विचारतोस?”

मंगेशने पाकिटं आणली नाहीत. पाकिटांनी काम झालं असतं तर रोजच्या फोनला कारण उरलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मंगेशचा फोन आला. “नाना, आज तळ जाड दिसतोय.” नाना चष्मा सावरत म्हणाले, “बघू.”

अकराव्या दिवसाचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं. मंगेशने विचारलं, “नाना, वास कसा यायला हवा?”

एवढे दिवस ते फ्लास्क बघत होते, ऐकत होते, पण नाकाजवळ नेत नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“माझ्या फ्लास्कचा येतो पावाचा,” शेवटी त्यांनी ओट्यावरचा फ्लास्क लांबूनच हुंगून सांगितलं. “तुझ्याचा?”

“केळ्यांचा,” मंगेश म्हणाला.

“काय?”

“पिकलेल्या केळ्यांचा, नाना. थोडा लवंगेसारखाही. या जातीच्या यीस्टचा असाच येतो. असोद्याच्या रस्त्याला मामांची केळी पिकवायची खोली होती ना, तिचं दार उघडल्यावर यायचा, अगदी तसा. पहिल्यांदा आजोबांनी बाटली उघडली तेव्हा मी विचारलं, यात केळी घातलीत का? ते हसले. म्हणाले, नाही, हे यीस्टचं काम.” तो थांबला. “इथे केळी मिळतात, पण तो वास येत नाही, नाना. त्या वासासाठी शिकलो मी हे. प्यायला नाही. म्हणजे, पितो थोडी. पण त्यासाठी नाही.”

नाना खाली बसले. ओट्याला पाठ लावून, जमिनीवर. फोन त्यांच्या हातात होता, पण पडद्यावर आता मंगेशला छत दिसत असणार. ते हळू आवाजात म्हणाले, “माझा बाप गावठीनं गेला. तुला सांगितलं नव्हतं.”

“माय बोलली होती एकदा.”

“आमच्याच घरात मागच्या बाजूला पिंप होतं. गूळ, नवसागर, काय काय. घर त्या वासाचं, कपडे त्या वासाचे, बाप त्या वासाचा. तो मेला तेव्हा आईने ते पिंप दगडाने फोडलं. तरी वास जाईना. मी फोटो पाहिला तुझा, आणि मला तोच वास आला. फोटोला वास नसतो. पण आला.”

नानांनी फोन पुन्हा तोंडासमोर धरला.

“मला काय माहीत,” नाना म्हणाले, “की तुझ्याकडे केळीचा वास येतो.”

अक्का तव्यापाशी उभ्या होत्या. कळण्याची भाकरी एका बाजूने करपली, आणि कुणीच ती उलटली नाही.

बाराव्या दिवशी मंगेशने ते यीस्ट कामाला लावलं. या वेळी काम अर्ध्यात थांबलं नाही. तीन आठवड्यांनी त्याने सांगितलं, गोडी उतरली, कोरडी झाली, बाटल्या भरल्या. आणखी काही आठवड्यांनी, नाताळात, त्याने आजोबांना पहिला ग्लास दिला. नानांनी विचारलं, “काय म्हणाला म्हातारा?”

“काही नाही म्हणाले. वास घेतला, डोळे मिटून बसले. मग दुसरा ग्लास मागितला.”

नाना हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. एकवीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

जानेवारीत मंगेश येणार हे ठरलं. येण्याआधी त्याने फोनवर चाचरत विचारलं, “नाना, एक बाटली आणू का? नको असेल तर नाही आणत.” नाना म्हणाले, “उद्या सांगतो.” उद्या म्हणाले, “परवा सांगतो.” परवा संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं, फोन लावायला लावला आणि एवढंच बोलले, “आण. पिणार नाही. पण आण.”

तो आला. स्टेशनवर नाना गेले होते, मी नव्हते, त्यामुळे तिथे काय झालं ते मला सांगता येणार नाही. दोघंही त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या, वांगी भाजली जात होती, भरिताचा बेत होता, आणि मंगेश बापाशेजारी उकिडवा बसून काडीने वांगं उलटत होता. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवायला बसवत होत्या.

जेवणं झाल्यावर मंगेशने बाटली काढली. ठेंगणी, जाड काचेची, लेबल नसलेली. ओट्यावर ठेवली. नाना म्हणाले, “उघड.”

टोपण उडालं, बारीक आवाज झाला, आणि त्या दोन खोल्यांच्या घरात वास पसरला. मी शपथेवर सांगते, पिकलेल्या केळ्यांचा. उन्हाळ्यात रावेर-सावद्याकडून ट्रक येतात ना, तसा. नानांनी वाकून हुंगलं. एकदा. दुसऱ्यांदा. मग ते ओसरीत गेले. मंगेश त्यांच्या मागे निघाला, अक्कांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. थोड्या वेळाने नाना आत आले. डोळे लाल होते. म्हणाले, “केळीच.”

ती बिअर प्यायची कुणी, हा प्रश्न होता. मंगेशला बापासमोर ग्लास धरवेना. शेवटी तो भार माझ्यावर आला. मी, विभागप्रमुख, दोन मुलांची आई, आयुष्यात कधी थेंब न घेतलेली, अक्कांच्या स्टीलच्या पेल्यातून दोन घोट प्यायले. कडू होती, मग गोडसर, मग छातीत ऊब. नाना अगदी परीक्षकासारखे समोर उभे. “मॅडम, काम पुरं झालंय ना? गोड तर नाही राहिली?” मी म्हटलं, “पुरं झालंय, नाना.” त्यांनी समाधानाने मान हलवली.

बाकीची बिअर त्यांनी हलक्या हाताने मोरीत ओतली. तळाची दोन बोटं मात्र ठेवली. “हे ओतायचं नाही,” ते मुलाला म्हणाले. “तळाशी मंडळी निजलीत. इतका प्रवास करून आलीत, त्यांना उठवू.” आणि तो गाळ त्यांनी पातळ गोड पाण्याच्या नव्या फ्लास्कमध्ये घेतला. पाच दिवस काही नाही. मंगेश म्हणाला, “मेले असतील, नाना.” सहाव्या दिवशी फ्लास्कच्या कडेने बारीक बुडबुडे धरले. बाप-लेक दोघं ओट्याशी वाकून बघत होते, डोक्याला डोकं लागलेलं. अक्कांनी मला हळूच ते दाखवलं. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता.

मंगेश सुट्टी संपवून परत गेला. ती मंडळी नानांच्या ओट्यावर राहिली. दर दोन दिवसांनी नाना त्यांना जवाचं ताजं पाणी पाजायचे, जुनं अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी ओतायचे. थोडी मंडळी त्यांनी नळीत घालून मला दिली, “तुमच्या फ्रिजात ठेवा. आपल्या घरची लाइट जाते.” दिवाळीला मंगेश परत येणार होता. या वेळी सोबत त्या आजोबांना आणायचं चाललं होतं. नानांनी त्यांच्यासाठी दोन खोल्यांत दाटी नको म्हणून शेजाऱ्यांची एक खोली बघून ठेवली होती.

श्रावणात नाना गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, नऊ दिवस ठेवलं, दहाव्या दिवशी सकाळी गेले. मंगेश विमानात होता. त्याच्या येण्यापर्यंत थांबलो. त्याने अग्नी दिला आणि कुणाच्याही खांद्यावर डोकं न ठेवता दिवसभर लोकांना पाणी देत राहिला.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेले. घरात चूल पेटलेली नव्हती, जेवण शेजारून येत होतं. मंगेश भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. अक्का मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. ओट्यावर, माठाच्या सावलीत, ओल्या फडक्यात फ्लास्क होता. मी जवळ गेले. वास आला. जिवंत, ताजा, केळ्यांचा. नाना दवाखान्यात होते ते दहा दिवस, आणि त्यानंतरचे पाच.

“अक्का, हे कोणी…?”

“मीच,” अक्का म्हणाल्या. “त्या दवाखानामा बी तेच इचारेत. जेवनात का, जेवनात का. मंग मी पाजं.” नंतर माझ्यासाठी म्हणून त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करू लागल्या. “आता आपल्या घरी गॅस पेटवता येत नाही ना. मी शेजारी नेते, त्यांच्या गॅसवर उकळून आणते. चालतं ना, मॅडम? त्यात काही दोष नाही ना?”

“काही दोष नाही, अक्का.”

त्यांनी फ्लास्कवरचं फडकं सरळ केलं. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, “मॅडम, हाई आते किती दिन पाजानं?”

खरं उत्तर सोपं होतं. एकही दिवस नाही. माझ्या फ्रिजमध्ये नळी होती, मंडळी तिथे वर्षभर सुखाने निजली असती. मंगेशकडे बेल्जियममध्ये आणखी होती. ओट्यावरचा फ्लास्क मोरीत ओतला असता तरी काही बिघडलं नसतं.

मी म्हटलं, “दर दोन दिवसांनी, अक्का. चुकवायचं नाही.”

“नही चुकाडाव,” त्या म्हणाल्या. त्यांनी फळीवरून जवाचा डबा काढला, दोन मुठी पातेल्यात घेतल्या, वर पाणी घातलं आणि पदर खोचून, झोपलेल्या मुलाला वळसा घालून, पातेलं दोन्ही हातांनी सांभाळत त्या शेजारच्या घराकडे निघाल्या.